तिसरा गिअर जवळ आणलाय

प्रिय निवेस,

अक्षर मोठं आलंय आणि ओळी आपल्या खिंडीच्या रस्त्यासारख्या वळताहेत, तेवढं गोड मानून घे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू 'हो बाबा, हो बाबा' करतेस आणि मधेच म्हणतेस, आईला द्या. पत्रात तसं करता येत नाही. इकडे आम्ही बरे आहोत. जर्दाळू यंदा इतके लागलेत की आईने मुरांब्याच्या बरण्या पलंगाखालीही सरकवल्यात. ओलिंदो रोज सकाळी आपलं लेथचं दुकान उघडण्याआधी येतो, माझी कॉफी पितो आणि पातळ झालीय म्हणून मलाच ऐकवतो.

तर गाडीबद्दल. ईस्टरला जेवताना तू म्हणालीस, "विकून टाका बाबा, उगाच शेड अडवून बसलीये." आई पासातेल्लीचं सूप वाढत होती, तिचा डाव हवेतच राहिला. मी बरं म्हणालो. बोलोन्याचा एक माणूस या महिन्याच्या शेवटच्या रविवारी गाडी बघायला येतोय, आणि बघायला आलेला माणूस तिला घेतल्याशिवाय जाणार नाही. पण ईस्टरला जेवणाआधी तू एकटीच शेडमध्ये जाऊन गाडीत बसली होतीस, हे मला माहीत आहे. मी मागे कोंबड्यांना दाणे टाकत होतो. क्लच दाबल्याचं ऐकू आलं, पहिला पडला, दुसरा पडला, आणि तिसऱ्याला दांडा अर्ध्यावर थांबला. तू पुन्हा प्रयत्न केलास, पुन्हा अर्ध्यावर. मग उतरलीस आणि दार हळूच लावलंस. जन्मात कधी त्या गाडीचं दार तू हळू लावलं नव्हतंस. बिजागऱ्या ढिल्या होतात म्हणून मी तुझ्या नावाने किती खडे फोडलेत. त्या दिवशी मात्र तू ते आपटायला हवं होतंस, असं फार वाटलं.

हाताचं तू आईला सांगितलंस, मला नाही. राग नाही, मुली आईलाच सांगतात. ऑपरेशनने गाठ गेली, पण उजवा हात पुढे ताणला की काखेत दोरी ओढल्यासारखी होते, हे तिने मला दोन दिवसांनी सांगितलं, तेही भांडी घासता घासता, पाठ करून. त्या रात्रभर एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. गाठीचं मला काही करता आलं नाही, त्रिएस्तेला येऊन तुझ्या उशाशी नुसता खुर्ची उबवत बसलो होतो. पण हात पुढे जात नसेल तर गिअर मागे आणता येईल, एवढं तरी मला येतं.

तुला आठवतं, आपल्या गाडीचं इंजिन पाठीशी. त्यामुळे गिअरच्या दांड्यापासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत ती लांब सळई, सांध्यासांध्याला बुशची कडी, आणि बुश झिजले की दांडा पेजेत पळी फिरवावी तसा फिरतो. खिंडीच्या चढाच्या शर्यतीत उतरणारे सगळे गडी एकच युक्ती करतात. दांड्याखालचा टेकू वर उचलायचा. म्हणजे वरची मूठ कमी फिरते आणि गिअर चटकन पडतो. मीही तेच केलं. ओलिंदोने लेथवर नवा टेकू कातून दिला, मोजमापं आईने वाचून सांगितली, कारण मोजपट्टीवरचे आकडे हल्ली फार बारीक छापतात. मूठ पूर्वीच्या निम्मीच फिरायला लागली. मी गाडीत बसून पाचही गिअर टाकून पाहिले. खटके असे की बोटांना गुदगुल्या व्हाव्यात. ओलिंदो म्हणाला, "लेआर्को, या वयात शर्यत मारायचा विचार आहे की काय?" मी नुसता मिशीत हसलो.

तेवढ्यात तुझी आई आली. अंगावरचा एप्रन सोडला, उजवं कोपर त्याच एप्रनने कमरेला बांधून घेतलं आणि डावीकडे, चालवणाऱ्याच्या सीटवर जाऊन बसली. म्हणाली, "पोरीचा हात आता एवढाच जातो. बघू दे." दुसऱ्यापर्यंत कसंबसं झालं. तिसऱ्याला दांडा जागचा हलेना. तिने ओठ चावले, खांदा लावला, शेवटी डावा हात मदतीला आणला तेव्हा कुठे गिअर पडला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हा दांडा तू कुणासाठी केलास? पोरीसाठी, की त्या खिंडीतल्या मुस्तंड्यांसाठी?" ओलिंदो खोकला आणि कॉफी संपवायला निघून गेला.

खरं होतं गं तिचं. अंतर कमी केलं की जोर जास्त लागतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण माझे हात हे असे, आयुष्यभर नटबोल्टांवर पाने फिरवलेले. मला तो जोर जाणवलाच नाही. शर्यतवाल्या माणसांची खोड आहे ही. कमी झालं की सुधारलं असं वाटतं. तू दुखण्यातून उठलीस, आणि मी तुझ्यासाठी दगड करून ठेवला होता. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा उघडलं. टेकू थोडा खाली घेतला. निम्म्याचा हट्ट सोडला, तिसरा हिस्सा कमी झाला तरी पुष्कळ. झिजलेले बुश सगळे काढले, त्या जागी छोटी बेअरिंगं बसवली, म्हणजे सळई घासत नाही, सरकते. आणि दांडाच गरम करून सीटकडे वाकवला. पुढून पाहिलं तर जरा विचित्र दिसतो, वाऱ्याने कललेल्या झाडासारखा. पण मूठ आता स्टिअरिंगच्या अगदी जवळ आलीय. आई रोज कोपर बांधून बसायची आणि मी विचारायचो, आता? ती म्हणायची, अजून जड आहे. मी पुन्हा खाली शिरायचो. परवा तिने तिसरा दोन बोटांनी टाकला. मग चौथा, मग पाचवा. एप्रन सोडला, त्यालाच नाक पुसलं आणि घरात गेली. ओलिंदोने गाडी खिंडीपर्यंत नेऊन आणली, मी शेजारी बसलो होतो. तिसऱ्यावर गाडी चढ ओढायला लागली तेव्हा मला तुझी फार आठवण आली. तू दहा वर्षांची असल्यापासून उजव्या सीटवर बसून मला वळणं ओरडून सांगायचीस. डावं, आवळत जाणारं. उजवं, चॅपलच्या भिंतीला धरून. मी एखादं विसरलो तर माझ्या मांडीवर चापट मारायचीस.

तर ये, निवेस. रविवारच्या आधी, शनिवारी ये. गाडीत बस, तिसरा टाकून बघ. दुखलं तर मला स्पष्ट सांग, मी स्वतः त्या माणसाच्या हातात किल्ली देईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. पण हात तिथवर पोचला, तर त्या माणसाला आई जर्दाळूचा मुरांबा देऊन परत पाठवेल. आणि आता खरं सांगतो, जे आई मला गेले कितीतरी दिवस सांग म्हणतेय. ओलिंदोने गाडी चालवली ती हौस म्हणून नाही. वसंतात लायसन्स नवं करायला गेलो, तर डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मला भिंत दिसली, अक्षरं नाही. मधोमध एक धुकं बसलंय, ते हटणार नाही म्हणतात. तेव्हा हे मी तुझ्यावर उपकार म्हणून केलं असं समजू नकोस. सप्टेंबरच्या चढाच्या शर्यतीला मी आपली दोघांची नावं देऊन आलोय, डावीकडे तू, उजवीकडे मी. वळणं मला सगळी पाठ आहेत, रस्ता दिसायची गरज नाही. मला फक्त चालवणारं माणूस हवंय, आणि ते तुझ्याशिवाय दुसरं कुणी नकोय. आलीस की दार जोरात आपट, म्हणजे मला कळेल.

तुझाच, आता उजव्या सीटवरचा,
बाबा