चाळीस वेळा 'जेवलास का?'

१४ नोव्हेंबर, सकाळी सव्वाअकरा. दोन मोबाईल समोर ठेवून बसलो आहे.

तीर्थरूप आईस थोरल्याचा नमस्कार.

मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

ॲप कसे बनते, असे विचारलेस. आधी कागदावर आखतात, मग स्क्रीनची चित्रे काढतात, मग प्रोग्राम लिहितात. शेवटी मी तपासतो. हे निरोपांचे ॲप आहे. एका मोबाईलला मी 'आई' नाव दिले. त्यावरून मीच 'जेवलास का?' विचारतो, दुसऱ्यावरून 'हो' म्हणतो.

साहेब हसले, "अरे, आई दिवसात चाळीस वेळा विचारते?"

"चाळीस कमीच झाले, सर."

उद्या ॲप लोकांसाठी खुले होईल. त्याआधी तपासणीचे निरोप पुसायचे असतात. तेही काम माझेच.

उत्तरात 'जेवलास का?' एवढे एक वाक्य तुझ्या हाताने लिही. शुद्धलेखन चुकले तरी चालेल.

तुझा,
थोरला