सुमतीशेजारी उभा राहिलेला माणूस

रविवार, संध्याकाळ

चीड अजून उतरत नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, सॅम्युएल, दारू सोडून, प्रभूकडून तारण पावून परत आलाय. आणि सुमतीनं त्याला घरात घेतलंय! त्याच्या थपडेनं तिचा डावा कान कायमचा गेला, तरी.

चर्चच्या पायऱ्यांवर मला म्हणाला, "ताई, प्रभूनं मला क्षमा केली."

"वा! मार सुमतीनं खायचा, क्षमा प्रभूनं करायची. छान वाटणी आहे."

शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, ज्याला दुखावलं त्याच्याकडे आधी जा. हा गेला असेल?

उपासनेत तो तिच्या डावीकडे, नेमका त्या कानाशी. मी मागच्या बाकावर. गाणं सुरू झालं, सगळ्यांनी स्तुतीला हात वर केले. त्यानंही केला. सुमती दोन्ही हातांनी डोकं झाकून झटकन खाली वाकली.

त्यानं पाहिलं. हात खाली घेतला, पाठीमागे दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. शेवटच्या गाण्यापर्यंत तसाच. माझ्याशिवाय कुणाला दिसलंही नसेल.

क्षमा मी करणार नाही. पण ढोंगी म्हणायची सोय होती, तीही आज गेली.