भिंतीवरची रेघ

दि. १९, शुक्रवार

चि. धाकटीस ताईचा आशीर्वाद.

तू मुलांना घेऊन नणंदेकडे सुखरूप आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. आमचं बरं चाललं आहे. पाणी ओसरून नऊ दिवस झाले तरी गाद्यांचा वास जात नाही. तुझे दाजी दिवसभर चिखल उपसतात आणि संध्याकाळी तुझं कौतुक करतात. "धाकटीनं विमा काढला, शहाणी पोर!" चिखल उपसताना तरी माणसानं गप्प बसावं की नाही?

शेजारणीनं तुला कळवलंच म्हणे. तू लिहितेस, "ताई, तू माझं घर धुऊन काढलंस, तुझे उपकार कसे फेडू?" फेडू नकोस. आधी पुढचं वाच.

विम्याची बाई गल्लीत आली होती, आठवतं ना? कमी उत्पन्नाचा दाखला आणा, निम्म्याहून जास्त हप्ता नगरपालिका भरेल, असं ती म्हणाली. तू दुसऱ्याच दिवशी रांगेत उभी राहिलीस. मी नाक मुरडलं. आमच्याकडे कुठलं पाणी येतंय, असं काहीतरी बोलले. खरं सांगू? आपण गरीब आहोत असा शिक्का मारून घ्यायची मला लाज वाटली. तुला नाही वाटली. लहानपणापासून तुला मागायची लाज नाही, म्हणून तुला सगळं मिळतं. मी आपली तोरा सांभाळत बसते.

पाणी दोघींच्याही घरात छातीपर्यंत आलं. माझं शिलाई मशीन गेलं ते गेलंच. तुझं मात्र नवं येणार. माझ्या पोटात दुखलं गं, फार दुखलं.

सोमवारी तुझ्या घराकडे गेले, तर दारावर विमावाल्यांची चिठ्ठी होती. पाहणी होईपर्यंत भिंतीवरची पाण्याची रेघ पुसू नये. मी ती दोनदा वाचली. मग बादली भरली.

चारही भिंती घासल्या. खांदे भरून आले तरी थांबले नाही. शेजारणी म्हणाल्या, "बहीण असावी तर अशी." मी मान खाली घालून हसले. बुधवारी पाहणीला माणूस आला, त्यानं टेप काढली, स्वच्छ भिंत पाहिली आणि 'पाण्याची खूण नाही' असं लिहून गेला.

आज तुझं उपकारांचं पत्र आलं आणि मी हातातलं काम टाकून विम्याच्या कचेरीत गेले. कारकून म्हणाला, "बाई, घरच्या माणसानं रेघ पुसली असेल तर दावा रद्द. बाहेरच्यानं मुद्दाम पुसली असेल तरच फेरपाहणी. पाणी किती होतं त्यावर पाच शेजाऱ्यांच्या सह्या आणा."

सह्या आणल्या. का हव्यात ते प्रत्येकीला सांगूनच आणल्या. एकीनं सही केली आणि दार लावून घेतलं.

मग अर्ज लिहिला. 'रेघ मी पुसली. मुद्दाम. बहिणीचा हेवा वाटला म्हणून.' कारकुनानं वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. सोमवारी सकाळी फेरपाहणी आहे. तू स्वतः हजर राहा, माझ्यावर सोपवू नकोस.

अर्जाच्या तळाशी 'विमाधारकाशी संबंध' असा रकाना होता. तिथे 'बाहेरची व्यक्ती' लिहून सही करावी लागली.

कागदावर बाहेरची,
तुझी ताई