डावीकडचा स्पीकर

११ फेब्रुवारी

सूर्यभान आणि मी अकोल्याहून आत्ता परतलो. जठारपेठेतल्या त्या दुकानात तीन तास गेले. दुकानदार प्रीतम, चाळिशीचा माणूस. जुन्या गाड्यांत टेप आणि स्पीकर बसवण्यात त्याच्यासारखा दुसरा नाही म्हणतात. नसावाच. गाडीचं इंजिन बंद व्हायच्या आत त्यानं विचारलं, "ताई, बेस किती पायजे?"

बेस! माणसांना आता गाणं कानानं ऐकायचंच नाही. छातीत धडधड झाली, काचा हलल्या, शेजारचं पोर रडलं की म्हणे गाणं वाजलं. अमरावतीत तीन दुकानं पाहिली, तिघंही डिकीत टाकीएवढी पेटी घालायला निघाले होते. मी प्रीतमला म्हटलं, मला शब्द हवेत. ही फियाट माझ्या बाबांची आहे, पुंजाजी मास्तरांची, एक्क्याऐंशी सालची. २३ मार्चला अकोल्यात त्यांच्या जन्मशताब्दीची सभा, मुख्य भाषण माझं. गाडी सभेच्या दाराशी उभी राहणार आणि तिच्यातून चळवळीची जुनी गाणी वाजणार. शब्द न् शब्द कळला पाहिजे.

"मंग दरवाजे कापा लागतीन."

दरवाजाला हात लावलास तर मी तुझ्या दुकानासमोर सभा घेईन, म्हटलं. शेवटी मागच्या काचेखालच्या फळीत दोन लांबट स्पीकर बसले, टेप सामोरच्या कप्प्यात लपला. बाहेरून गाडी जशीच्या तशी. ही अक्कल त्याची, एवढं कबूल.

येताना मी गाडी चालवत होते. सूर्यभान नेहमीसारखा डावीकडच्या सीटवर, मांडीवर पाण्याची बाटली. अमरावती येईपर्यंत एक शब्द नाही. पस्तीस वर्षं बँकेत काढली, निवृत्त झाला आणि तोंडालाही निवृत्त करून टाकलं. आमच्या लग्नात आम्ही ठरवलं होतं — अहो-जाहो नाही, एकमेकांना नावानं हाक मारायची आणि सगळं बोलायचं. पहिली दोन टिकली.

१३ फेब्रुवारी

डावा स्पीकर मेलेला आहे. उजवा लख्ख, डावा गोधडीत गुंडाळल्यासारखा. पोवाड्यातले निम्मे शब्द गायब.

फोन केला. "ताई, माह्यासमोर तं दोनी वाजत होते." वाजत होते! आता मला कान कसे वापरायचे ते हा शिकवणार.

याच गाडीच्या डाव्या सीटवर बसून तेविसाव्या वर्षी मी गावोगाव पुकारा केला आहे. भोंगा कॅरिअरला डाव्या बाजूनं बांधलेला, खिडकीतून हात काढला तर लागेल इतका जवळ. परतवाड्याच्या बाजारात मी बोलायला लागले की भाजीवाल्या बाया तराजू खाली ठेवायच्या. तो भोंगा कधी मेला नाही. हा डबा दोन दिवसांत मेला.

२० फेब्रुवारी

पुन्हा अकोला. प्रीतमनं उजवा स्पीकर काढून डावीकडे लावला, डावा उजवीकडे. "आता पाहा."

पाहिलं. डावाच मेलेला.

"असं कसं होईन ताई? जो खराब होता तो आता उजवीकडे आला ना."

म्हणजे दोन्ही खराब, म्हटलं. ज्याला डावीकडे लावशील तो मरतो. तर मग वायर खराब. त्यानं वायर बदलली. मग जोड बदलले. मग टेपच बदलला. शेवटी गुडघ्यावर हात ठेवून बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. सूर्यभान रस्त्यापलीकडे चहा पीत उभा. बायको भांडते आहे आणि हा बिस्किट बुडवतो आहे. त्याला विचारलं, तुला कसा वाटतो आवाज? म्हणाला, "मले तं चांगला वाटते."

त्याला सगळंच चांगलं वाटतं. असल्या माणसांच्या जिवावरच या देशातला सगळा निकृष्ट माल खपतो.

२४ फेब्रुवारी

काल परतवाड्याला भाषण. विषय: गप्प बसणाऱ्यांचा देश. मजा आली. मध्येच प्रीतमचा दाखला दिला, दुकानाच्या नावासकट — मुका स्पीकर विकून वर गिऱ्हाइकालाच बहिरं म्हणणारा व्यापारी. लोक हसून हसून खुर्च्यांवर आडवे झाले.

आज कोणीतरी फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकलं आहे: "ताईंना डाव्या रांगेतल्या मुलीनं दोनदा प्रश्न विचारला. ताईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्यांना गप्प बसू नका म्हणणं सोपं." त्याला सत्तर अंगठे.

कुठली मुलगी? कोणीही काही विचारलं नाही. समोर उभं राहून विचारायची छाती नसते आणि अंगठा मात्र सदैव तयार.

२ मार्च

रश्मीचा पुण्याहून फोन. "आई, बाबांचं सामान एकाच खेपेत जाईल का? नाहीतर मी सुट्टी टाकून येते."

कुठलं सामान?

मग कळलं. माझ्याच घरातली गोष्ट माझ्या मुलीकडून. सूर्यभान मूर्तिजापूरला राहायला जाणार आहे, त्याच्या मोठ्या भावाकडे, नत्थुजींकडे. चार दिवसांसाठी नाही, कायमचा. २३ तारखेला मी अकोल्याला सभेला जाताना तो वाटेत उतरणार. रश्मी म्हणाली, "बाबांनी तुला विचारलं ना? दोनदा विचारलं म्हणाले. तू काहीच बोलली नाहीस, म्हणजे तुझी हरकत नसेल."

तो गच्चीत कूलरला नवा वाळा बसवत होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"विचारलं ना," तो म्हणाला. "एकदा बडनेऱ्यापाशी, एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडे. तू सामोर पाहून गाडी चालवत होती."

खोटं. छत्तीस वर्षांत हा माणूस माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलला आणि तेही इतकं भिकार. असला प्रश्न मी ऐकून सोडून दिला असता? मी, जी परतवाड्याच्या बाजारात शेवटल्या रांगेतला खोकला ओळखते?

तिथं काय आहे एवढं, विचारलं.

वाळ्याची जाळी दाबत म्हणाला, "तिथं नत्थुजी आहे. म्या काई म्हटलं तं हो म्हणते, नाईतं नाई म्हणते. काईतरी म्हणते."

३ मार्च

जाऊ दे.

८ मार्च

महिला दिन. तीन ठिकाणी भाषण, तीन ठिकाणी तुळशीचं रोप. वर्षातून एक दिवस बाईचं ऐकून घ्यायचं आणि त्याबद्दल तिच्या हातात कुंडी द्यायची. संयोजक पुरुष, सूत्रसंचालक पुरुष, आभार मानणारा पुरुष. आभार सगळ्यांत लांब.

घरी आले तर जिन्याखाली त्याची निळी बॅग. चेन दुरुस्त करून आणली आहे. एवढी तत्परता!

बोलायला गेले नाही. जो माणूस खोटं बोलून जातो त्याला थांबवायचं नसतं. हे मी इतरांना शिकवत आले आहे.

११ मार्च

आज प्रीतमनंच बोलावलं. "एक डाव या ताई, मंग काय बोलाचं ते बोला." सूर्यभान सोबत आला, न विचारता.

दुकानात गेल्यावर प्रीतम म्हणाला, "परतवाड्याले माहा साळा होता सभेले. त्यानं सांगतलं मले." आवाज चढवला नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं, ते वापरायची वेळच आली नाही. तो म्हणाला, "मागच्या सीटवर बसा बरं. आता नुसता डावा वाजवतो."

पोवाडा लागला. गोधडीतून यावा तसा.

"आता नुसता उजवा."

लख्ख. शब्द न् शब्द.

"आता उलट्या बसा."

म्हणजे?

"सीटवर गुडघे टेका अन् काचेकडे तोंड करा. जसे लहानपणी लेकरं बसतात."

बासष्टाव्या वर्षी, भर जठारपेठेत, मी बाबांच्या गाडीत मागच्या सीटवर गुडघे टेकून उलटी बसले. समोर दोन्ही स्पीकर.

त्यानं डावा लावला, ज्याला मी महिनाभर शिव्या घातल्या तो. लख्ख वाजला. एकेक अक्षर.

मग उजवा लावला. गोधडी.

मी खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं. त्याची मान खाली होती. "स्पीकर तं जागेवरच आहे ताई. तुमी फिरल्या."

मला समजायला वेळ लागत नाही. लागला असता तर बरं झालं असतं. तशीच गुडघ्यांवर बसून राहिले. भोंगा आठवला. डाव्या रांगेतली मुलगी आठवली. काचेपलीकडे सूर्यभान पाण्याची बाटली घेऊन उभा होता. तो हसत नव्हता. बरंच झालं.

परतीच्या वाटेवर तो काही बोलला की नाही, मला माहीत नाही.

१५ मार्च

डॉक्टर म्हणाले, डावा कान जवळजवळ गेलेला आहे. चार-पाच वर्षं तरी झाली असावीत. "घरी कोणाच्या लक्षात आलं नाही का?"

घरी लक्षात आणून द्यायला कोणी तरी बोलावं लागतं, असं म्हणणार होते. तोंडातच राहिलं.

प्रीतमला फोन केला, माफी मागायला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, बेइज्जती स्टेजवरून अन् माफी फोनवर?"

बरोबर आहे. २३ तारखेच्या भाषणाचं पहिलं वाक्य त्याचं. दुकानाच्या नावासकट.

दुसरी माफी कशी मागतात, सुचत नाही. चाळीस वर्षं बोलते आहे, पण हे कधी बोलावं लागलं नव्हतं. बॅग जिन्याखालीच आहे.

२३ मार्च

अकोला. सभेला अजून तास आहे, गाडीतच बसून लिहिते.

सकाळी सूर्यभाननं बॅग डिकीत टाकली आणि सवयीनं डाव्या दाराशी गेला. मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि त्याच्या जागेवर जाऊन बसले. भोंग्याच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच या सीटवर. तो आता माझ्या उजव्या कानाशी.

टेप बंद ठेवला. बडनेऱ्यापर्यंत गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. हा माणूस भयंकर हळू चालवतो. मग म्हणाला, "काय ऐकाचं आहे तुले?"

म्हटलं, सगळं. पहिल्यापासून. चार-पाच वर्षांचं.

बोलायला लागला. बरंचसं माझ्याविरुद्ध होतं. काही चुकीचं होतं, तरी मध्ये बोलले नाही.

मूर्तिजापूर आलं. तो बोलतच होता. गाडी थांबली नाही.