मावशीची मातीची साडी

मुलुंड, गुरुवार, १२ फेब्रुवारी १९८७

किळस आली आज. मावशीच्या अंगाला येणाऱ्या वासाची नाही, माणसांची.

शेजारच्या शांतवनकडे संध्याकाळी प्रार्थना होती, त्याच्या अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी. मी तिला मावशी म्हणते. बाहेर सगळे डोळे मिटून स्वर्गाची गीतं गात होते आणि आत मावशी ओल्या चादरीवर. सकाळपासून तशीच असणार, चादर पाठीच्या जखमांना चिकटली होती. शांतवनच्या बायकोला म्हटलं, "रत्ना, हिची चादर तरी बदल गं!"

तर म्हणते, "आता थोडेच दिवस ना. तिकडे प्रभू त्यांना नवीन शरीर देणार आहे."

वर आणि कपाट उघडून पांढरी साडी दाखवली. मावशीच्या मातीला, पुरताना नेसवायची म्हणून इस्त्री करून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली. म्हणजे मेल्यावर स्वच्छ!

स्वर्ग मीही मानते. मग एवढी का भडकले? पण तिकडे सगळ्यांचे डोळे पुसणाऱ्या देवाला इथली ओली चादर दिसत नसेल?

पाणी तापवलं. ओली चादर बदलली, मावशीला पुसून काढलं, जखमांना मलम लावलं आणि तीच साडी तिला गुंडाळली.

"अगं, ती मातीची साडी!" रत्ना किंचाळली. शांतवन दारात नुसता उभा, हातात गीतांचं पुस्तक.

मावशी कितीतरी वेळ साडीवरून हात फिरवत राहिली. मग मला हळूच विचारलं, "पोचले का गं मी?"