माझं घर कुणाच्याच वाट्याला नाही

१४ नोव्हेंबर, मंगळवार दुपार

प्रिय रोमिंगा,

प्रभूमध्ये सलाम. तुझी बायको सॉमी आणि मुली बऱ्या असतील. तिने पाठवलेलं धुरी दिलेलं डुकराचं मांस मोहरीच्या पाल्यात शिजवलं. मीठ जास्त पडलं, तो माझा हात.

पन्नास पायऱ्या खाली तुझं घर आणि मी पत्र लिहितोय, म्हणून हसशील. हस.

आधी कामाचं. रविवारचा उपदेश तूच कर. मागचा बरा झाला, फक्त लांबला. पुढच्या बाकावर दोघी पेंगत होत्या. म्हाताऱ्या पुआइयाचा दफनविधीही तू एकट्याने चालवलास, मला विचारलंही नाहीस. चांगला चालवलास. मी मागे उभा होतो.

पाच वर्षांपूर्वी मी इथे बदलून आलो, तेव्हा चर्चचा कारभार बघणारी तुम्ही उपा मंडळी कोंबडीच्या भांडणासाठीही पास्टरचं दार वाजवायचात. वैतागून मी गावातली घरं तुम्हा सहा जणांत वाटून दिली. आजारपण, दुःख, नवराबायकोची कटकट, जे काही असेल ते ज्याच्या वाट्याचं घर त्याने बघायचं. माझ्यापर्यंत आणायचं नाही. तुम्ही फार लवकर शिकलात. परवा पाण्याच्या टाकीपाशी पी झुआली म्हणाली, "पास्टर, आम्हाला इतकं शहाणं करून ठेवलंत, की आता तुमच्याकडे यायला निमित्तच सापडत नाही."

मी हसलो. काय करणार?

किमी जाऊन पाच महिने झाले. बत्तीस वर्षांचा संसार. पहिले तीन दिवस अख्खं गाव माझ्या घरात बसून गात होतं, रीतच ती. पुढे दर गुरुवारी त्या वाट्याचा उपा दुःखाच्या घरी जाऊन बसतो. उपदेश करू नका, नुसते बसा, चहा घ्या, हे मीच तुम्हाला शिकवलं. कितीतरी गुरुवार मी दोघांचा चहा टाकला. शेवटी घरांची यादी काढून पाहिली. माझ्याच अक्षरात एकशे बारा घरं आहेत. पास्टरचं घर त्यात नाही. लिहायचं मला सुचलंच नव्हतं.

तुमची चूक नाही. तू बुधवारी उपासनेचं विचारायला येतोस, दारातच उभा राहतोस आणि "पास्टरांचा वेळ घेत नाही" म्हणून निघतोस. तेही माझंच शिकवणं.

रोमिंगा, मला फार एकटं वाटतं. संध्याकाळी मोठ्याने प्रार्थना करतो, तर आमेन म्हणायला कुणी नसतं. हे समोर बसून सांगायला जीभ रेटली नसती. तुला शिकवणारा मी.

तुझ्याकडे एकोणीस घरं आहेत. जमलं तर विसावं लिहून घे. गुरुवारी ये, पण काही विचारायला येऊ नकोस.

तुझ्या वाट्याचा,
झोसियामा