आफ्रिकेत हसले, त्याची माफी नाही

प्रिय अहो,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. आज सकाळी तुमचे धाकटे भाऊ, प्रल्हाद भाऊजी आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "वैनी, उद्या पान ठेवायच्या आधी दादाच्या फोटोसमोर माफी मागा. चार लोक राहतीन, त्याईच्यासमोर मागा. मंग विषय संपला." म्हणून हे पत्र लिहायला बसले. माफी तुमची मागायची, तर बोलणंही तुमच्याशीच करते, मध्ये चार लोक कशाला? आणि आधीच सांगून ठेवते. मी माफी मागणार नाही.

गुन्हा काय, तर मी आफ्रिकेत जाऊन आले. तेही एक वेळ चाललं असतं म्हणे. पण तिथं मी हसले. आपल्या लेकीनं, अर्चनानं माझा फोटो स्टेटसला ठेवला. डोक्यावर टोपी, मागे हत्तीण, आणि मी तोंड उघडून हसतेय. तो फोटो अख्ख्या डोणगावात फिरला. "दादाले जाऊन वरीस नाही झालं अन् तुम्ही दात काढून राह्यल्या," भाऊजी म्हणाले. विमान खुपलं नाही, परदेश खुपला नाही. माझे दात खुपले.

खरं तर आफ्रिकेचं तुम्हाला मी सगळ्यांदेखत सांगितलं होतं. दहाव्याचा दिवस आठवा. पैनगंगेच्या काठी पिंड ठेवलेला, कावळा समोरच्या बाभळीवर बसलेला, आणि खाली यायला तयार नाही. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या. तुमच्या चुलतभावानं शब्द दिला, अर्चनाचं माहेर तुटू देणार नाही म्हणून. कावळा हलला नाही. मग भाऊजी हात जोडून पुढे झाले. "दादा, वैनीची चिंता करू नको. त्याईले एकटं कुठीच जाऊ देणार नाही." कावळ्यानं चक्क तोंड फिरवलं.

मी मागे बायकांत उभी होते. कसं कोण जाणे, डोक्यात सणक गेली. तिथूनच ओरडले, "अहो, तुम्ही शिवा, नाही तं नका शिवू. मी आफ्रिकेत जाऊनच येईन!"

आणि तो खाली आला. थेट पिंडावर.

बायकांनी तोंडाला पदर लावले, रडायला की हसायला देव जाणे. भाऊजी आजही म्हणतात कावळा भुकेला होता. पण मला तुम्हाला विचारायचंय, तुम्ही हो म्हणायला आलात की भांडायला? तुमचा स्वभाव मी ओळखून आहे. तुम्ही भांडायलाच आला असणार. पण भटजी "शिवला, शिवला" म्हणाले, सगळे आंघोळीला पळाले, आणि तुमचं भांडण राहून गेलं. ते आज पुरं करू.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं कोणी? तुम्हीच ना? उभा जन्म तुम्ही शाळेत भूगोल शिकवलात आणि मी त्याच शाळेच्या ऑफिसात बसले. खडू न उचलता एका दमात फळ्यावर आफ्रिका काढायचात. उंच गवताचा प्रदेश, कळपानं फिरणारे प्राणी, पाण्यासाठी त्यांची वणवण, सगळं माझ्या खिडकीतून ऐकू यायचं. सातवीची पोरं वर्षाला बदलायची, मी तीच. ऐकून ऐकून माझ्या पायाला भिंगरी लागली, त्यात माझं काय चुकलं?

किती वेळा म्हटलं तुम्हाला, एकदा जाऊन येऊ. तर तुमचं ठरलेलं, "लोणार पाह्याले जगातून लोक येतात, अन् तू बाहेर कुठं चालली?" लोणार काय मला माहीत नाही? लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात तिथंच नेलं होतंत, आणि त्यानंतर प्रत्येक पाहुण्याबरोबर. मग म्हणालात, रिटायर झाल्यावर पाहू. रिटायर झालात तर गुडघे. गुडघे बरे झाले तर साखर. आणि मग एक दिवस तुम्ही एकटेच निघून गेलात. जाताना मला विचारलंत काय?

बरं, तुमचा भूगोल चुकला हो, गुरुजी. विषुववृत्ताजवळ उकाडा असतो म्हणून पोरांकडून घोकून घेतलंत ना? केनियात पहाटे माझे दात वाजत होते. उंचावरचं पठार आहे ते, हे तुम्ही कधी सांगितलंच नाही. तुमचा तपकिरी स्वेटर बॅगेत घातला होता म्हणून निभावलं. त्याच्या बाहीला अजून तुमच्या तंबाखूचा वास होता. तंबाखू सोडली म्हणून माझी शपथ घेतली होतीत, त्याचं वर आले की पाहीन.

सिंह पाहिला. झाडाखाली आडवा, चारी पाय वर, पोटावर माश्या. सिंहिणी शिकार करून आल्या तसा हा उठला, आधी स्वतः जेवला आणि पुन्हा आडवा झाला. मला आपल्या घरातला रविवार आठवला. मी खुसखुसले तर गाडीतले पुण्याचे लोक "शू" म्हणाले. आता त्यांना काय सांगू, की याला मी चांगली ओळखते?

अहो, गवत खरंच तेवढं आहे. तुम्ही फळ्यावर पिवळा खडू आडवा घासायचात ना, ते अगदी बरोबर. नजर जाईल तिथवर गवत, त्यात काळेभोर कळप, आणि वर तेवढंच आभाळ. एवढं रान आणि कुणाचा धुरा-बांध नाही, कुणाचं कुंपण नाही. मी हात जोडले. कुणाला ते विचारू नका.

तिसऱ्या प्रहरी एका डबक्यावर जिराफ पाणी प्यायला आला. एवढ्या उंच जनावराला पाण्यापर्यंत पोचता येईना. पुढचे पाय फाकवतो, वाकतो, दचकतो, पुन्हा उभा राहतो. तुम्ही गुडघ्याच्या दुखण्यात अस्सेच खाली बसायचात. "पाहा हो, तुमच्यासारखा," म्हणत मी बाजूला वळले. बाजूच्या सीटवर कुणाची तरी बॅग होती.

तेव्हा तुमचा इतका राग आला. इतका, की रडू आवरेना. जायचंच होतं तर हे पाहून मग गेला असतात. ज्या माणसाला या गवताचं नाव, पावसाचं मान, वाऱ्याची दिशा, सगळं पाठ, तो माणूस नाही, आणि त्याची कारकून बायको इथं बसलीय. गाडी चालवणारा जोसेफ, त्याला हिंदीचे चार शब्द येतात, त्यानं मागे न पाहता पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "मम्मी, पानी." जिराफ पाणी पिऊन गेला तरी माझं चाललंच होतं.

परतीच्या वाटेवर एक म्हातारी हत्तीण रस्त्यात उभी राहिली. मधोमध. कान पसरून, आमच्याकडे तोंड करून. तिच्या मागून तिच्या लेकी, नाती, पिल्लं सावकाश रस्ता ओलांडत होती. पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले, "हॉर्न द्या ना, किती वेळ थांबायचं?" जोसेफनं मान हलवली. "रास्ता उसका है," म्हणाला, आणि गाडी हळूहळू मागे घेतली. हत्तिणीनं अंगावर माती उडवून घेतली, जरा उभी राहिली, मग तिला वाटलं तेव्हा गेली.

एका बाईसाठी गाडी मागे घेतलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. ती अजून उभी होती तेव्हाच मला हसू फुटलं. गालावर आसवं तशीच आणि हसू पोटातून. कुणीतरी तेव्हाच फोटो काढला, मी तो अर्चनाला पाठवला. तोच हा फोटो.

आता तुम्ही म्हणाल, मग भाऊजींना हे सांग की, तू आधी रडली होतीस म्हणून. नाही सांगणार. आधी रडून दाखवलं म्हणून हसायची सूट मिळाली, असलं हसू मला नको. तुमच्यासाठी रडले ते माझं, हसले तेही माझंच. उद्याच्या चार लोकांचा त्यात काय संबंध?

संध्याकाळी भाऊजी पुन्हा आले, बरोबर त्यांची बायको सिंधू. उद्याच्या वड्यांची उडदाची डाळ निवडत आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. मग दाराकडे पाहून ती हळूच म्हणाली, "बाई, खरंच त्या हत्तिणीसाठी गाडी मांग घेतली काय?"

"हाव. खरंच."

ती डाळीत बोटं फिरवत राहिली. "मले पाह्याले भेटन काय हो?"

मी काही बोलायच्या आत बाहेरून भाऊजींचा आवाज आला, "सिंधू, चहा झाला काय?"

"होऊन राह्यला," ती म्हणाली. गॅसवर काहीच नव्हतं. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही सांगा ना. मी काऊन नाही जाऊ शकत?"

अहो, तिनं विचारलं आणि मला माझीच खिडकी आठवली. "तुम्ही जिवंत असतात तरी मी गेलेच असते," असं या पत्रात लिहायचं ठरवलं होतं. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तुम्ही असतात तर मी गेले नसते. अजून खिडकीतूनच ऐकत बसले असते.

तर उद्याचं ऐका. पान मी वाढीन. वडे, खीर, कढी, आणि तुम्हाला लागते तशी हिरव्या मिरचीची चटणी. नमस्कारही करीन, मनापासून. माफीचा शब्द तोंडातून निघणार नाही, भाऊजी उपाशी उठले तरी. आणि चार लोक बसलेलेच असतील, त्यांच्यासमोर तुम्हाला दुसरा शब्द देईन. सिंधूचा पासपोर्ट मी काढते. तिला आफ्रिका मी दाखवते. भाऊजी जिवंत असताना दाखवते.

तुमचीच,
शोभा